चिन्हाला मत की माणसाला?

आमच्या चाळीत दोन तऱ्हेचे मतदार. एक चिन्हावर बोट ठेवणारे, दुसरे माणूस बघणारे.

पहिल्यांची पंचाईत जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हापासून झाली. 17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाने 'शिवसेना' हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, ठाकरेंकडे मशाल राहिली. आता निष्ठा कुणाशी, बाणाशी की ठाकरे घराण्याशी? उत्तर मध्य मुंबईत तर 2024 ला ठाकरेंचा उमेदवारच नव्हता. आघाडीच्या जागावाटपात ती जागा काँग्रेसच्या वर्षा गायकवाडांना गेली. म्हणजे 'मातोश्री'च्या अंगणातल्या कट्टर सैनिकासमोर पर्याय कोणता, तर हाताचा पंजा! तरी गायकवाड निवडून आल्या. याला पक्ष ओलांडणं म्हणायचं की निष्ठेचंच दुसरं रूप, यावर आमच्याकडे चहाचे अनेक कप रिकामे झालेत.

माणूस बघणाऱ्यांचंही सोपं नाही, कारण माणूसच पक्ष बदलतो. रवींद्र वायकर मार्च 2024 मध्ये ठाकरेंकडून शिंदेंकडे गेले आणि वायव्य मुंबईत 48 मतांनी जिंकले. हरलेले अमोल कीर्तिकर ठाकरेंचे, त्यांचे वडील गजानन कीर्तिकर शिंदेंकडे. घरातच सीमारेषा!

लोकसभेला पक्ष बघणं मला पटतं, तिथे सरकार ठरतं. पालिकेत मात्र माणूसच बघावा. मुंबईत 227 प्रभाग, प्रत्येकाला एकच नगरसेवक. गटार तुंबलं की दार कुणाचं ठोठवायचं ते नक्की असतं. शेजारचे काका ऐकत नाहीत. त्यांचं बोट तिथेही चिन्हच शोधतं.