कॅनन १००-४०० लेन्स भाड्याने घेतली, गॅलरीतल्या शिंजीरच्या घरट्यासाठी

सोसायटीच्या ग्रुपवर पहिला फोटो टाकला तर सात-आठ जणांनी लगेच "वॉव हमिंगबर्ड" लिहिलं, म्हणून आधी तेच सांगते. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, तिकडे अलास्कापासून पार खाली चिलीपर्यंत, आपल्याकडे एकही नाही. आपला तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, सनबर्ड. बाकदार चोच, मध पिणं, चमकणारे रंग यामुळे गल्लत होते. पण एक गोष्ट दोघांची खरंच सारखी आहे, घरटं बांधायला दोघंही कोळ्याचं जाळं वापरतात, हमिंगबर्डची मादी त्याची इवलीशी वाटी करते आणि शिंजीरची मादी लोंबती पिशवी.

तर आम्ही मुलुंडला राहतो, दुसरा मजला, आणि जानेवारीच्या शेवटी आमच्या गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर या बाईंनी काम सुरू केलं. पर्पल रम्प्ड सनबर्ड, शिंजीरचीच एक जात, जेमतेम १० सेंटीमीटरचा जीव. चोचीत जाळ्याचा धागा घेऊन यायची, तो दोरीला गुंडाळायची, मग सुकलेलं पान, झाडूची काडी, सालीचा तुकडा, परत धागा. घरट्याच्या दाराच्या वर छोटी पडवी काढली होती तिने, अगदी कौलारू घराला असते तशी. आईने त्याच दिवशी कपड्यांचा स्टँड हॉलमधे आणला आणि गॅलरीचं दार बंद केलं.

माझ्याकडे कॅनन ८०डी कॅमेरा आहे, पण लेन्स फक्त किटची, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ (हे आकडे झूमचे मिलीमीटर, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), तिच्यात पक्षी म्हणजे ठिपका. नवीन मोठी लेन्स फार महाग, ती घेणं शक्य नव्हतं, म्हणून फोर्टातल्या एका भाड्याने लेन्स देणाऱ्या दुकानात फोन केला. लगेच नाही केला, पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबले, कारण घरटं बांधताना किंवा अंडी घालताना त्रास झाला तर पक्षी घरटं सोडून जातात. साधारण दोन आठवडे ती अंड्यांवर बसली, दारातून फक्त चोच बाहेर दिसायची, आणि ज्या दिवशी नर-मादी दोघं चोचीत किडे घेऊन यायला लागले त्या दिवशी बुकिंग केलं.

इथे पहिली गडबड. मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की घरटं सात फुटांवर आहे, माझी बेडरूम दहा बाय दहाची आहे, मागे कपाट आहे, मला मागे सरकता येणार नाही. तरी काउंटरवरचा दादा म्हणाला पक्ष्यांसाठी सगळे १५०-६००च नेतात मॅडम, तीच घ्या. घरी आणली, ट्रायपॉडवर लावली आणि फोकसच होईना, नुसती पुढे-मागे घरघर. मग वाचलं तर त्या लेन्सला कमीत कमी पावणेतीन मीटर अंतर लागतं, माझ्याकडे दोन मीटरच्या जरा वर. म्हणजे ती लेन्स तलावावरच्या बगळ्यांसाठी उत्तम असेल, माझ्या कामाची अजिबात नव्हती. दुसऱ्या दिवशी परत ट्रेनने सीएसएमटी, आणि दुकानाने बदलून दिली पण पहिल्या लेन्सचं एका दिवसाचं पूर्ण भाडं कापलं. हे मला पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही, अंतर विचारून लेन्स सुचवणं हे त्यांचं काम आहे.

बदलून मिळाली ती कॅनन १००-४००, दुसरी आवृत्ती, २०१४ मधे आलेली. हिचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे ही ९८ सेंटीमीटरवर फोकस करते. चारशेची लेन्स आणि एका मीटरच्या आत फोकस, घरातून घरट्याचे फोटो काढणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे. उलट चारशेवर पक्षी आणि घरटं एकत्र फ्रेममधे मावेना, माझे बहुतेक फोटो अडीचशे-तीनशेच्या आसपासचे आहेत. झूमची रिंग घट्ट-सैल करता येते ते पण आवडलं. वजन मात्र दीड किलोच्या वर आहे, हातात धरून दहा मिनिटांत मनगट दुखतं, ट्रायपॉड हवाच.

प्रकाशाचं गणित जरा कठीण होतं. गॅलरी पूर्वेला, सकाळी आठ ते साडेनऊ काय तो चांगला उजेड, आणि झूम केल्यावर लेन्सचं तोंड एफ ५ किंवा ५.६ पर्यंतच उघडतं, म्हणजे उजेड कमीच आत येतो. पक्षी येतो, भरवतो, दोन-तीन सेकंदांत गायब, त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाचं शटर लागतंच, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० पर्यंत वाढवली. त्यामुळे दाणे दिसतात फोटोत, ८०डीची तेवढीच ताकद आहे. चालतं मला. फ्लॅश मी एकदाही वापरला नाही आणि तुम्हीही प्लीज वापरू नका, सात फुटांवरून त्या पिल्लांच्या डोळ्यांत फ्लॅश मारायचा हा विचारच नको.

खिडकीला जुनी गडद चादर लावली, तिला लेन्सपुरती फट, कॅमेरा सायलेंट मोडवर आणि मी पलंगाच्या पलीकडे बसून मोबाईलवरच्या कॅननच्या अ‍ॅपमधून क्लिक करत होते. सकाळी एक तास, बस. सारखी ये-जा केली की कावळ्यांच्या लक्षात येतं, आणि एकदा कावळ्याने घरटं बघितलं की संपलं. एका फोटोत नराच्या चोचीत हिरवी अळी आहे आणि पिल्लाची केशरी चोच आ वासून दाराबाहेर आलीये. दुसऱ्यात मादी पिल्लाची शी पांढऱ्या पिशवीसकट चोचीत धरून बाहेर टाकायला निघालीये, घरटं इतकं स्वच्छ कसं राहतं ते तेव्हा कळलं. झूम करून बघितलं तर तिच्या चोचीच्या मुळाशी जाळ्याचा एक धागा अजून चिकटलेला होता.

भाडं आठवड्याचं ३२०० पडलं, डिपॉझिट वेगळं, ते लेन्स परत केली त्याच दिवशी मिळालं. लेन्स ताब्यात घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून काचेच्या आत बघा, मुंबईच्या दमट हवेत फंगस, म्हणजे बुरशी, फार लवकर धरतं आणि नंतर दुकानदार म्हणाला की तुमच्याकडेच लागलं तर भांडत बसाल. माझ्या लेन्समधे थोडी धूळ होती, फोटोत कुठे आली नाही. ट्रेनने नेणार असाल तर अकरानंतर निघा, गर्दीत दीड किलोची बॅग छातीशी धरून उभं राहणं वाईट.

लेन्सला पाचपैकी साडेचार, अर्धा वजनाचा कापला. दुकानाला तीन, पहिल्या दिवसाच्या भाड्यामुळे.

मी लेन्स दोन दिवस आधीच परत केली. पिल्लं दारात येऊन पंख फडफडवायला लागली होती, अशा वेळी जरा दचकली तरी वेळेआधी उडी मारतात, त्यामुळे चादर सोडून खिडकी पूर्ण बंद केली. गुरुवारी सकाळी एक गेलं, दुपारपर्यंत दुसरं. आई अजून त्या दोरीवर कपडे घालत नाही.