सोलापूरच्या उन्हात कुत्र्यासाठी क्रेट: तारेचा, प्लॅस्टिकचा की वेल्डरकडचा?

क्रेट म्हणजे कुत्र्याला आत ठेवायचा पिंजरा. दुकानात विचारलं तर प्लॅस्टिकचा दाखवतात, 'विमानात पण चालतो' म्हणून. मोबाइलवर बघितलं तर तारेचा, घडी होणारा पुढं येतो. आणि ओळखीचं कुणीतरी सांगतंच, 'कशाला एवढे पैसे घालताय, फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, जन्मात मोडायचा नाही.' तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. पण मे महिन्यात दुपारी तीनला तो क्रेट घरात कुठं असणार, हे कुणी विचारत नाही. पारा ४३-४४ वर जाणाऱ्या सोलापुरात निवड तिथूनच सुरू करावी लागते. कंपनी आणि रंग नंतर.

त्याआधी, क्रेट मुळात लागतो का ते बघा. पिल्लाला शी-शूची सवय लावायची आहे, ऑपरेशननंतर कुत्र्याची हालचाल कमी ठेवायची आहे, गाडीतून न्यायचं आहे किंवा घरात पाहुण्यांची वर्दळ फार आहे, तर उपयोग आहे. पडवीत आपल्या जागेवर शहाण्यासारखा झोपणारा मोठा कुत्रा असेल तर पैसे वाचवा. आणि नवरा-बायको दोघंही सकाळी नऊला जाऊन सहाला परतणार असाल, तर कुठलाच क्रेट तो प्रश्न सोडवत नाही. पिल्लाचा ढोबळ हिशोब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास ते लघवी धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन तास, आणि तेही फार झालं.

घरासाठी: तारेचा की प्लॅस्टिकचा

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरची आणि नाकातोंडातली ओल हवेत उडते आणि त्यानं अंग थंड होतं. प्लॅस्टिकच्या क्रेटला दार जाळीचं असलं तरी बाजूंना नुसत्या फटी असतात. धापणाऱ्या कुत्र्याच्या श्वासाची वाफ आत साठत जाते, आतली हवा दमट होते, आणि मग कितीही धापलं तरी ओल उडत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ते ४१ च्या पुढं गेलं की उष्माघात, आणि मग जीव वाचवायला वेळ फार थोडा उरतो. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापायलाच धड जमत नाही. ती घरात असतील तर मार्च ते जून प्लॅस्टिकचा क्रेट माळ्यावर ठेवा.

तारेच्या क्रेटमधून चारी बाजूंनी वारा जातो. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळं इथं कूलर चांगला चालतो, आणि त्याची झुळूक तारेच्या क्रेटमधून आरपार जाते. प्लॅस्टिकच्या क्रेटसमोर कूलर लावला तर बरीचशी हवा भिंतींवर आपटून बाजूनं निघून जाते. फक्त वीज गेल्यावर काय, हे ठरवून ठेवा. कूलर बंद, क्रेटचं दार बंद आणि घरात कुणी नाही, हे तिन्ही एकत्र जमू देऊ नका. उन्हाळ्याच्या दुपारी घरात माणूस असेल तरच दार लावायचं, असा माझ्या मते नियमच असावा. गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली तर क्रेट नकोच. स्लॅबची धग अर्धी रात्र उतरत नाही.

तारेच्या क्रेटवर सोलापुरी चादर टाकायची सवय अनेकांना असते, घरात तीच हाताशी असते म्हणून. डिसेंबरच्या रात्री ठीक, तेही एक बाजू उघडी ठेवून. चादरीचं विणकाम इतकं घट्ट आणि जाड असतं की तीन बाजू झाकल्या की तारेचा क्रेट घेतल्याचा फायदाच संपतो. आडोसा हवाच असेल तर जुनी सुती साडी पुरे. आत अंथरायला मात्र टॉवेल कारखान्यांचा सेकंड माल उत्तम: पाणी शोषतो, धुता येतो, आणि फाडून टाकला तरी कुणाला हळहळ वाटत नाही.

तारेचे दोषही सांगतो. खालचा ट्रे वाजतो. पाणी, केस, अन्न बाहेर सांडतं. घाबरलेला कुत्रा तार चावत बसला तर सुळे मोडतात, म्हणून सवय हळूहळू लावायची आणि पहिले काही दिवस दार उघडंच ठेवायचं. आत सोडण्याआधी गळ्यातला पट्टा काढा, बिल्ला तारेत अडकून फास बसतो.

एका बाबतीत मात्र प्लॅस्टिक वरचढ आहे. भित्र्या कुत्र्याला अंधारी, तीन बाजूंनी बंद जागा आवडते. दिवाळीत, किंवा जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला, म्हणजे गड्ड्याच्या वेळी, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्या रात्री, आसपास राहणाऱ्यांना याचा अनुभव येईल. जानेवारीत उकाड्याचा प्रश्न नसतो. दार उघडं ठेवा, त्याचं तो आत जाऊन बसेल. दार लावून कोंडलंत तर मात्र तोच क्रेट नंतर त्याला नकोसा होईल.

वेल्डरचा क्रेट आणि खालची फरशी

तयार क्रेट कुठलाही घ्या, कुत्रा आणि फरशी यांच्यामध्ये ट्रे किंवा प्लॅस्टिकचा तळ येतो. उन्हाळ्यात आपला कुत्रा कुठं पसरतो ते बघा: मोरीजवळ, जिन्याखाली, शहाबादी फरशीवर पोट टेकून. ट्रे नेमकं तेच सुख हिरावतो. ट्रे काढून घ्यावा तर खाली तारांची जाळी, तिच्यात नखं अडकतात.

वेल्डरकडून करून घ्यायचा असेल तर तो बिनतळाचा करून घ्या, सरळ फरशीवर ठेवायचा. लोखंडाच्या वजनामुळं कुत्र्याला तो उचलता येत नाही. माझ्या मते वेल्डरकडं जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. टिकाऊपणा दुय्यम.

दुसरं कारण कारवानी, म्हणजे उंच, सडपातळ शिकारी जातीचा कुत्रा. आपल्या भागात हा कुत्रा पुष्कळ घरांत आहे, आणि तयार क्रेटची मापं त्याच्यासाठी बनलेलीच नाहीत. नराची खांद्यापर्यंतची उंची ७० सेंमीच्या आसपास, वर लांब मान. ४२ इंच लांबीचा क्रेट साधारण ३० इंच, म्हणजे ७६ सेंमी उंच असतो. आत कारवानी कायम मान खाली घालून उभा राहणार. लॅब्रॅडॉरला जो क्रेट ऐसपैस, तो याला कोंडवाडा. अंगावर चरबी नसल्यानं याची हाडं फरशीला टोचतात, कोपरांना आणि कमरेला घट्टे पडतात, म्हणून अर्ध्या भागात जाड अंथरूण, अर्धी फरशी उघडी ठेवा. कुठं बसायचं ते तो ठरवेल.

वेल्डरला काय सांगायचं: गजांमधली फट पिल्लाचं डोकं शिरणार नाही एवढीच. आतल्या बाजूच्या वेल्डिंगच्या गाठी ग्राइंडरनं घासून घ्या आणि स्वतः हात फिरवून बघा. साधी आडवी कडी नको, नाकानं उचलतात, खटक्याची बसवा. रंगाचं विशेष जपा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम २०१७ पासून लागू झाला, पण औद्योगिक रंगांना तो लागू नाही, आणि वर्कशॉपमध्ये कुठला डबा उघडलाय हे आपल्याला कळत नाही. कुत्रा गज चाटणार, चावणार. पावडर कोटिंग करून घ्या, नाहीतर शिसंविरहित रंगाचा डबा स्वतः नेऊन द्या. लोखंड किलोवर मोजलं जातं, त्यामुळं लहान पॉमेरेनियनसाठी हा खटाटोप परवडत नाही. त्याला २४ इंची तारेचा बास. आणि जुळे सोलापूरच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत असाल तर घर बदलताना हा क्रेट जिन्यातून कोण उतरवणार, तेही आधी ठरवा.

माप

नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी मोजा, उभा असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची मोजा, दोन्हींत १० सेंमी मिळवा. वजनावरून दिलेल्या तक्त्यांवर विसंबू नका. पिल्लासाठी मोठा क्रेट घेऊन मध्ये दुभाजकाची जाळी लावता येते, आणि ही सोय तारेच्या क्रेटमध्येच सहज मिळते. जागा जास्त मोकळी ठेवली तर पिल्लू एका कोपऱ्यात घाण करून दुसऱ्यात झोपतं.

प्रवास

इथं पारडं फिरतं. गाडीत प्लॅस्टिकचाच, पट्ट्यानं घट्ट बांधून. तारेचा घडीचा क्रेट जोराच्या धक्क्यात दुमडतो. दुकानातून आणण्याआधी डिकीचं आणि मागच्या दाराचं माप घ्या. पुण्याला जाताना टेंभुर्णीला चहाला थांबलात तर कुत्र्याला क्रेटसकट गाडीत सोडून जाऊ नका, काच खाली असली तरी.

विमानात सामानाच्या कप्प्यातून न्यायचं तर तारेचा चालत नाही. सहसा कडक प्लॅस्टिकचा लागतो, वरचा-खालचा भाग नटबोल्टनं जोडलेला, आणि आत कुत्र्याला उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे. दुकानदाराचं 'विमानात चालतो' म्हणणं म्हणूनच बोल्ट बघून मग खरं माना. रेल्वेत क्रेटचा फारसा उपयोग नाही: फर्स्ट एसीचं अख्खं कूपे किंवा केबिन मिळालं तर कुत्रा सोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये. सोलापूरची वंदे भारत सगळी चेअर कार, तिथं कुत्र्याला घेत नाहीत.

कापडी क्रेट हलका, दिसायला छान, आणि दात शिवशिवणाऱ्या पिल्लापुढं एका दुपारचा पाहुणा. लाकडी क्रेट दिवाणखान्यात शोभतो, पण लघवी मुरते आणि वास जात नाही.

जुना क्रेट कुणी देत असेल तर आधी एकच गोष्ट विचारा: त्या घरात पार्व्हो झाला होता का? हा विषाणू महिनोन्महिने टिकतो, आणि सोळा आठवड्यांपर्यंतचे लसीचे डोस पुरे न झालेल्या पिल्लाला तो मारू शकतो. तारेचा आणि प्लॅस्टिकचा क्रेट साबणानं धुऊन, मग ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच मिसळून दहा मिनिटं ओला ठेवायचा, नंतर स्वच्छ पाणी मारून कडक उन्हात वाळवायचा. कापडी आणि लाकडी असा निर्धोक करता येत नाही. तो फुकट मिळाला तरी घेऊ नका.