सभागृहाचा पास काढावा की कार्यशाळेचा?

पणजीच्या आसपास ग्राफिक डिझाइनची परिषद भरायची झाली की फोंडा-म्हापशाकडचे ओळखीचे डिझायनर मला एकच प्रश्न विचारतात: दोन दिवसांचा सभागृहाचा पास काढू, की एका दिवसाची कार्यशाळा? पैसे जवळपास सारखेच पडतात, काम बंद ठेवून जायचं असतं, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. मी दोन्ही केलंय. एका वर्षी सभागृह, पुढच्या वर्षी कार्यशाळा.

माझं रोजचं काम म्हणजे जत्रोत्सवातल्या मराठी नाटकांचे फलक, लग्नपत्रिका आणि चवथीचे शुभेच्छा बॅनर. वर्षानुवर्षं तेच केलं की हात आपसूक त्याच वळणावर जातो. तीच कमान, तोच भगवा, नाटकाच्या नावाला तीच सोनेरी सावली. सभागृहात बसल्यावर ही झापड उडते, हे मान्य करायलाच हवं. बाहेरून आलेल्या एका वक्त्याने कला अकादमीतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक पडद्यावर दाखवले. नाट्यस्पर्धेला जाऊन जाऊन मी ते कितीदा पाहिले असतील. पण मोजक्या रेषांत एकेका माणसाची बसण्याची तऱ्हा कशी पकडली आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. शिवाय चहाच्या वेळी होणाऱ्या ओळखी. त्यातून मला दोन कामंही मिळाली.

आता मला छळलेली गोष्ट. पुढच्या वक्त्याने मासेमारी होड्यांवरची हाताने रंगवलेली नावं दाखवायला घेतली. एका होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, 'श्री शांतादुर्गा' लिहिलेलं होतं आणि 'श्री'ची शेपटी रंगाऱ्याने फळीच्या बाकाबरोबर वळवत नेली होती. ती नेमकी कुठे वळते हे बघायला मी पुढे झुकलो, तेवढ्यात समोरच्या चार रांगांतले फोन वर गेले. दोन कोपरांच्या फटीतून अर्धं अक्षर दिसलं. फोन खाली येईपर्यंत चित्र बदललं. वहीत काढावं म्हटलं तर सभागृहात मिट्ट काळोख. घरी येऊन वही उघडली, तर रेघांवर रेघा चढलेल्या, एकही वळण लागेना. दोन दिवस प्रत्येक भाषणाला हेच. शेवटी मीही फोन वर धरला. ते फोटो आजही फोनमध्ये पडून आहेत, त्यातून एकही फलक निघाला नाही. डोळ्यांना दिसत असताना हात चालला नाही तर माझ्यात काही मुरत नाही, हे मला तिथे कळलं. तुमचं वेगळं असू शकेल.

कार्यशाळेत आम्ही चौदाजण होतो, एका जुन्या घराच्या ओसरीवर. श्रावणातली हवा, कागद दमट, शाई फुटायची, आणि मोठ्या नावांपैकी तिथे कुणी नव्हतं. सरांनी सकाळचा पहिला तास नुसते बोरू तासायला लावले. मग एकाच कागदावर रोमन आणि देवनागरी. दोन्ही लिप्यांत जाड-बारीक रेषांचा तिरपा कल एकमेकांच्या उलट असतो. हे मी वाचलेलं होतं, पण मनगटाला ठाऊक नव्हतं. गोव्यात एकाच पाटीवर दोन्ही लिप्या शेजारी शेजारी येतात आणि माझ्या पाट्यांत काहीतरी लंगडं दिसायचं. कारण दहा मिनिटांत हाताला सापडलं.

दुपारी सरांनी कावीचं काम करून दाखवलं, आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर असतं ते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी सळईने खरवडायचा, की खालचा पांढरा वर येतो. रंग भरायचा नाही, काढायचा. मी स्वतः एक पाकळी खरवडली. सळई जरा जास्त दाबली गेली आणि कडेचा टवका उडाला, तरी पाकळी पाकळीसारखीच दिसत होती. त्या वर्षीच्या जत्रेचा फलक मी पूर्ण तांबडा ठेवला आणि नाटकाचं नाव त्यातून खरवडून काढल्यासारखं केलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाकीचे रंग कधी भरणार?" समजावून सांगितल्यावर त्यांनी तो तसाच छापायला दिला.

कार्यशाळा शिकवणाऱ्यावर फार अवलंबून असते, हे खरं. शिकवणारा थातुरमातुर निघाला तर अख्खा दिवस फुकट, म्हणून आधी त्याचं काम बघा आणि किती जणांना घेणार ते विचारा. तीसपेक्षा जास्त माणसं असतील तर मी जाणार नाही. नुकतंच कॉलेज संपवलेल्या, फारसं काम न पाहिलेल्या मुलांनी एकदा सभागृह अनुभवावं, असंही मला वाटतं. त्यांनी बाजूच्या दारापाशी बसावं, तिथे वहीपुरता उजेड येतो. पण पाच-सात वर्षं काम करून हात एकाच ठशात अडकला असेल, तर माझा कौल कार्यशाळेला. यंदाचा फॉर्म मी तिचाच भरलाय, आणि बोरू आत्तापासून तासून ठेवलेत.