सस्पेंडर्स रोज घालायचे असतील तर आधी पँटकडे बघा: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पोट जरा पुढे आणि मागची बाजू सपाट असली की बेल्टचं आणि कमरेचं जमत नाही. आवळला तर बसल्यावर पोटात रुततो, सैल सोडला तर पँट घसरते, आणि दिवसभर हात पँट वर ओढण्यात गुंतलेले. माझी अंगकाठी नेमकी अशीच, म्हणून बेल्ट बाजूला ठेवून सस्पेंडर्स, म्हणजे पँट खांद्यावरून टांगून धरणारे पट्टे, घेतले. त्याला आता बरेच महिने झाले. ऑफिस, प्रवास, घरात शिडीवर चढून करायची कामं, सगळीकडे तेच घालतो. एखाद्या समारंभात फोटोपुरते दोन तास घालायचे असतील तर कुठलेही चालतात. रोज घालायचे असतील तर मात्र बारीकसारीक गोष्टी बघाव्या लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. सस्पेंडर्स सुखाचे होणार की छळाचे, हे त्यांच्यापेक्षा पँटवर जास्त ठरतं. तेच पट्टे मी दोन पँटवर लावून पाहिले. एक हल्लीच्या पद्धतीची, कमरेच्या हाडावर टेकणारी आणि अंगाला चिकटलेली. दुसरी बेंबीच्या जवळपास येणारी, कमरेला थोडी ढगळ. पहिलीवर तासाभरातच खांदे आणि जांघा दोन्ही कुरकुरायला लागले. दुसरीवर पट्टे घातलेत हेच विसरायला झालं.

कारण साधं आहे. बेल्ट पँटला आवळून धरतो, सस्पेंडर्स तिला खांद्यावरून टांगतात. टांगलेली पँट कमरेभोवती मोकळी असली तरच सरळ खाली पडते. खाली बसणारी पँट वर ओढली की जांघेतली शिवण काचते, आणि ती काचू नये म्हणून पट्टे सोडले की पुढे झोळ येतो. त्या पँटला मधली जागाच नसते. किती मोकळी हवी म्हणाल, तर उभं असताना पोट आणि पँट यांच्यात दोन बोटं आरामात जावीत, म्हणजे घेर साधारण इंचभर जास्त. बसल्यावर पोट पसरतं तेव्हा हाच इंच कामाला येतो. त्याहून फार सैल केली तर मागे चुण्या पडतात.

जुन्या काळी हा प्रश्न येतच नसे. लंडनच्या अल्बर्ट थर्स्टनने 1820 मध्ये सस्पेंडर्स विकायला सुरुवात केली तेव्हा पुरुषांच्या पँट उंच कमरेच्याच असत आणि वरून वेस्टकोट असे, त्यामुळे पट्टे कुणाला दिसतही नसत. पँट आणि पट्टे एकमेकांसाठीच बेतलेले होते. पहिल्या महायुद्धानंतर वेस्टकोट मागे पडत गेला, पँटची कंबर खाली येत गेली, बेल्टचे लूप आले. आज आपण बेल्टसाठी शिवलेल्या पँटला सस्पेंडर्स लावतो आणि ते टोचतात म्हणून त्यांनाच नावं ठेवतो.

आता चिमटे की बटणं? चिमटे, म्हणजे क्लिपवाले, कुठल्याही पँटला लागतात, घेतल्या दिवशी वापरता येतात. सुरुवात त्यांनीच करावी, पण रोजच्यासाठी ते माझ्या पसंतीतून उतरले. स्वस्तातल्या चिमट्याची स्प्रिंग काही आठवड्यांत ढिली पडते, आणि तो सुटतो तोही नेमका खाली वाकल्यावर. मागचा सुटला तर पाठीत फटका, पुढचा सुटला तर थेट हनुवटीकडे. दात असलेले चिमटे पातळ कापडावर खुणा पाडतात, लोकरीच्या कापडाचे धागे ओढतात. चिमटेच वापरायचे असतील तर कंबरपट्टीची पूर्ण जाडी तोंडात घेतील असे रुंद घ्या, वरच्या काठापासून खालच्या शिवणीपर्यंत नीट बसवा आणि बेल्टच्या लूपवर कधीही लावू नका. कापड पातळ असेल तर मध्ये कॅनव्हासची किंवा जाड सुती कापडाची छोटी घडी ठेवली की पकडही वाढते आणि खुणाही पडत नाहीत.

बटणांचं काम एकदाच करायचं असतं. एकूण 6 बटणं लागतात: पुढे दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि मागे दोन. पुढचं पहिलं बटण इस्त्रीच्या घडीच्या बरोबर वर, दुसरं तिथून साधारण 3 ते 3.5 इंच बाजूच्या शिवणीकडे. मागची दोन मधल्या शिवणीच्या दोन्ही अंगांना, 1.5-1.5 इंचावर. टेलरला हे मोजून दाखवा, कारण पुढची बटणं फार मध्ये आली तर पट्टे छातीवर एकमेकांकडे येतात आणि फार बाहेर गेली तर खांद्यावरून घसरतात. पट्ट्यांची बटणांत अडकवायची चामड्याची टोकं जाड असतात, म्हणून बटण कापडाला घट्ट चिकटवून न शिवता थोडी फट ठेवून तिच्यावर दोऱ्याचे चार-पाच वेढे द्यायला सांगा. नाहीतर काज बटणावर चढता चढत नाही आणि रोज सकाळी नखं तुटतात.

बटणं आत लावावीत की बाहेर यावर दोन्हीकडचे लोक हिरिरीने बोलतात. आत लावली तर बाहेरून काही दिसत नाही आणि पँट बेल्टवरही घालता येते. पुढच्यांसाठी मी आतच म्हणेन. मागची मात्र बाहेर बरी, असं माझं मत झालंय. खुर्चीला तासन्‌तास टेकून बसणाऱ्याला आतलं बटण आणि त्यावरची चामड्याची जाडी पाठीत जाणवत राहते. बाहेरच्या बटणाने गादीच्या खुर्चीवर ओरखडे पडू शकतात हेही खरं, पण पाठ आधी.

पाठीवरची रचना तीन प्रकारची मिळते. एक्स, म्हणजे दोन पट्टे एकमेकांना छेदून मागे दोन ठिकाणी लागणारे. वाय, म्हणजे खांद्याच्या पात्यांच्या मध्ये चामड्याच्या तुकड्याशी एकत्र येऊन एकच पट्टी खाली जाणारे. आणि एच, दोन सरळ पट्टे आणि मध्ये आडवा जोड. ज्यांचे खांदे उतरते आहेत त्यांनी एचच्या वाटेला जाण्याआधी विचार करावा, कारण ते सगळ्यात जास्त घसरतात. पट्टे मागे जितके वर आणि मानेच्या जवळ एकत्र येतील तितके खांद्यावर टिकतात, म्हणून घसरणीवर वाय चांगला. पण चिमट्याचा वाय घेतलात तर तो एकटा चिमटा बरोबर मणक्यावर येतो आणि गाडी चालवताना त्याची आठवण दर खड्ड्याला होते. चिमटे असतील तर एक्स, बटणं असतील तर वाय, हे माझं गणित. बटणांच्या वायमध्ये खाली जाणाऱ्या एका पट्टीच्या टोकाला दोन फाटे असतात आणि मागची दोन बटणं मणक्याच्या दोन्ही बाजूंना येतात, त्यामुळे तिथे काही टोचत नाही.

रुंदी साधारण 1.25 ते 1.5 इंच ठीक. इंचभराच्या बारीक पट्ट्या दिसतात नीटस, पण खिशात फोन, किल्ल्या आणि पाकीट असेल तर संध्याकाळी खांद्यावर वळ दिसतात. बेल्ट असताना हे वजन कमरेवर जातं, इथे ते खांद्यावर येतं, हे लक्षात ठेवा. फोन शर्टाच्या किंवा कोटाच्या खिशात गेला की फरक लगेच कळतो. अग्निशमन दलाच्या जवानांच्या जाड संरक्षक पँटला रुंद पट्टे असतात ते यासाठीच. शिवाय पँट बुटांभोवती आधीच खाली सोडून ठेवायची, पाय घालायचे, पट्टे खांद्यावर घ्यायचे आणि निघायचं, एवढा वेळ त्यात वाचतो.

लांबी लावताना बहुतेक जण पट्टे जास्तच ताणतात. पँट खाली पडेल ही भीती मनात असते. पँट जिथे बसायला हवी तिथे हाताने धरा आणि पट्टा तिथपर्यंत नुसता पोचेल इतकाच लांब ठेवा. अंगठा खाली घालून पट्टा सहज इंचभर उचलता आला पाहिजे. मग खुर्चीवर बसा, बुटाची नाडी बांधायला वाका, दोन्ही हात वरच्या फळीपर्यंत न्या. वाकताना मागे ओढ बसत असेल तर थोडं सोडा. हात वर केल्यावर पँट जराशी वर जाणारच, ते चालतं. शर्ट मात्र बेल्टमध्ये राहतो तसा दाबलेला राहत नाही, म्हणून तो लांब हवा. आखूड शर्ट दुपारपर्यंत बाहेर येतो.

खरेदी करताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. चिमट्याच्या पट्ट्यात सरकती कडी असते, आणि पट्टा जितका आखूड कराल तितकी ती वर सरकते. फार लांब पट्टे घेऊन भरपूर आखूड केले तर ती धातूची कडी थेट गळ्याच्या हाडाशी येते, आणि गाडीचा सीट बेल्ट तिच्यावरून जातो. जोरात ब्रेक लागला की समजतं. दोन्ही कड्या छातीच्या खाली आणि एका उंचीवर येतील अशी लांबी निवडा. उंचीप्रमाणे वेगवेगळ्या लांबीचे पट्टे मिळतात, ‘सर्वांना बसेल’ या लेबलवर विश्वास नको. माझी बहीणही आता वापरते. तिला पट्टे छातीच्या बाहेरच्या अंगाने नेलेले सोयीचे वाटतात, म्हणून तिने पुढचे चिमटे थोडे बाजूच्या शिवणीकडे सरकवले आणि घसरू नयेत म्हणून मागे वायच घेतला.

आता शौचालय. सगळ्यांना विचारायचं असतं, विचारत कुणी नाही. वर काही घातलेलं नसेल तर सोपं आहे: पट्टे खांद्यावरून उतरवा आणि दोन्ही पुढे ओढून मांडीवर गोळा करा. मागे लोंबकळत सोडले तर ते फरशीवर टेकतात, किंवा त्याहून वाईट ठिकाणी जातात. कोट आधी काढून अडकवायचा, हा क्रम मोडू नका. वर स्वेटर असेल तर खरी गंमत. तेव्हा सगळं काढण्यापेक्षा स्वेटरच्या खालून फक्त पुढची दोन टोकं सोडवायची आणि चिमटे असतील तर छातीशी एकमेकांना लावून टाकायचे. नाहीतर इलॅस्टिक त्यांना वर खेचतं आणि मग स्वेटरच्या गळ्यातून हात घालून शोधत बसावं लागतं. शर्टाच्या आतून पट्टे घालण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला आधी हाच प्रश्न विचारा.

विमानतळावर धातूचे चिमटे आणि कड्या वाजू शकतात. पट्टे उतरवून ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं आणि पँट इंचभर ढगळ असली, तर पुढची दोन मिनिटं एका हाताने पँट धरून काढावी लागतात. प्रवासाच्या दिवशी मी कमरेच्या दोन्ही बाजूंना ओढून घट्ट करायच्या पट्ट्या असलेली पँट घालतो. प्लॅस्टिकच्या चिमट्यांचेही सस्पेंडर्स मिळतात, पकड जरा कमी पण आवाज नाही.

पाठीवरची सॅक आणि सस्पेंडर्स यांचं सख्य नाही. सॅकचे पट्टे यांना बाहेर ढकलतात आणि पाठीवरचा चामड्याचा तुकडा सॅकखाली दाबला जातो. रोज लांब चालत सॅक नेणाऱ्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एका खांद्यावरची बॅग चालते, फक्त अधूनमधून खांदा बदला.

उन्हाळ्यात पट्ट्यांखालची जागा घामाने भिजते. पूर्ण इलॅस्टिकपेक्षा पुढे सुती किंवा कापडी आणि फक्त मागे इलॅस्टिक असलेले पट्टे बरे वाटतात. गडद रंगाचे नवे पट्टे पांढऱ्या शर्टावर घालण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग फडक्यावर आला तर शर्टावरही येणार, आणि रंगवलेल्या चामड्याचं तर हमखास.

तब्येतीचंही सांगायला हवं, थोडक्यात. घट्ट बेल्टने पोटावर दाब येतो आणि ज्यांना आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे त्यांचा तो वाढू शकतो. कमरेजवळून मांडीच्या बाहेरच्या भागाला जाणारी एक नस घट्ट बेल्टखाली दाबली जाते, मग मांडी बधिर होते किंवा चुरचुरते. डॉक्टर त्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेवर कंबरपट्टी घासू नये म्हणूनही सस्पेंडर्स सोयीचे पडतात. मला स्वतःला जेवणानंतर बेल्ट एक भोक सोडावा लागत नाही, एवढा फरक पुरेसा आहे. पण मानेचं किंवा खांद्याचं दुखणं आधीच असेल तर ओझं तिथे नेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

लोक काय म्हणतील? पहिला आठवडा म्हणतात, मग कंटाळतात. बेल्ट आणि सस्पेंडर्स एकत्र घालू नका, एवढं मात्र पाळा. दिसायला विचित्र हा भाग वेगळा, बेल्टने कंबर आवळली की टांगण्याचा सगळा फायदाच जातो.

धुलाईचं म्हणाल तर मशीनमध्ये कधीच नको, चामडं आणि धातू दोन्ही खराब होतात. कोमट पाण्यात साबणाचा ओला फडका फिरवायचा, सावलीत सपाट पसरून वाळवायचं, इलॅस्टिकवर इस्त्री नाही, ब्लीच नाही. ते लोंबकळत वाळवले तर ओल्या वजनाने ताणतात. दोन जोड आळीपाळीने वापरले तर इलॅस्टिकला सावरायला वेळ मिळतो. कडा लाटांसारख्या दिसू लागल्या किंवा ताणून सोडल्यावर पट्टा आधीच्या लांबीला परत येईना, की तो जोड रोजच्या वापरातून काढा, कारण त्यानंतर कडी कितीही वर सरकवली तरी पँट दुपारपर्यंत खाली येतेच.