सकाळ पेपर: अजून घरी घ्यावा का? माझे साडेतीन स्टार

बातम्या मोबाईलवर फुकट मिळतात मग पेपरचं बिल कशाला भरता, असं पोरं विचारतातच. पुण्यात बऱ्याच घरांत पेपर म्हणजे सकाळ, म्हणून त्याचाच रिव्ह्यू टाकतोय.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा पेपर असा का आहे ते कळत नाही. १ जानेवारी १९३२ ला डॉ. ना. भि. उर्फ नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात सुरू केला. माणूस अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून डॉक्टरेट घेऊन आलेला. तेव्हा पुण्यात पेपर म्हणजे अग्रलेख, बाकी सगळं नंतर, आणि केसरी तर तेव्हा रोज निघतही नव्हता. परुळेकरांनी उलटं केलं, गावोगावी बातमीदार नेमले, बाजारभाव छापले, अमक्या पेठेत काय झालं तमक्या तालुक्यात पाऊस किती पडला असल्या गोष्टींना जागा दिली. विद्वानांनी नाकं मुरडली असतील पण लोकांनी पेपर घेतला ना!

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा, जो पत्रकारितेवाले आणि लॉची पोरं सोडली तर फार कुणाला माहीत नसतो. १९६० साली केंद्र सरकारने ऑर्डर काढली की पेपरच्या किमतीवरून त्याची पानं ठरणार. सकाळ तेव्हा ७ नव्या पैशांना मिळायचा, पाच दिवस सहा पानं आणि एक दिवस चार, म्हणजे रविवार सोडून आठवड्याला ३४ पानं. ऑर्डरप्रमाणे ७ पैशांत फक्त २४ पानं देता येणार होती, नाहीतर किंमत वाढवा. सरकारचं म्हणणं काय तर मोठ्या पेपरांपुढे छोटे पेपर टिकावेत. सकाळवाले थेट सुप्रीम कोर्टात गेले, आणि भारी गोष्ट म्हणजे वाचकांनीपण वेगळ्या याचिका टाकल्या, आमची पानं कमी करणारे तुम्ही कोण म्हणून! अस्सल पुणेरी काम. निकाल सकाळच्या बाजूने लागला, लिहिला न्या. मुधोळकरांनी: पानं आणि खप यांच्यावर बंधन म्हणजे अभिव्यक्तीस्वातंत्र्यावरच बंधन. आजही कायद्याच्या अभ्यासात ही केस असते.

नानासाहेब १९७३ ला गेले, ऐंशीच्या दशकात पेपर पवार कुटुंबाकडे आला, मग आवृत्त्या वाढल्या, २००५ ला शेतीसाठी वेगळा ॲग्रोवन निघाला. तो मात्र शेती असेल तर डोळे झाकून लावा.

बरं आजचं काय. पहिल्या पानाआधी जाहिरातीचं जॅकेट, ते उलगडलं की आतून दुसरं, हे आता सगळ्याच पेपरांचं झालंय त्यामुळे एकट्या सकाळला काय बोलणार, पण अर्धा स्टार त्यात गेला. देशविदेशाच्या बातम्या आदल्या रात्रीच फोनवर वाचून झालेल्या असतात, त्यात आणखी एक गेला. उरलेल्या साडेतीनचे मानकरी म्हणजे आतली शहराची पानं. गुरुवारी पाणी कुठल्या भागात बंद, कुठला रस्ता वनवे केला, टिळक स्मारकला संध्याकाळी कुणाचं व्याख्यान, हे गूगलवर शोधत बसण्यापेक्षा चहा संपेपर्यंत एका नजरेत दिसतं. छोट्या जाहिराती आणि निधनवार्ता तर आमच्याकडे म्हातारी माणसं हेडलाईनच्या आधी बघतात. आणि मुक्तपीठ, म्हणजे वाचकांनी लिहिलेल्या लेखांचं सदर! कुणाच्या तरी काकूंचा परदेशातल्या पहिल्या विमानप्रवासाचा लेख आणि खाली वेबसाईटवर लोकांनी उडवलेली खिल्ली, एके काळी आम्ही ऑफिसात मोठ्याने वाचायचो.

ई-पेपर ट्राय केला, झूम करून करून डोळे दुखले, शब्दकोडं सोडवायला तर कागदच पाहिजे.

तर पुण्यात किंवा जिल्ह्यात राहत असाल आणि घरात सिनियर सिटिझन असतील तर लावा. एकटे राहत असाल तर फक्त रविवारचा सांगा पेपरवाल्याला, सप्तरंग पुरवणी निवांत वाचून होते. परगावी असाल तर तिथली स्थानिक आवृत्ती निघते का ते बघा, पुण्याच्या पाणीकपातीचं तुम्ही काय करणार.