शाल-श्रीफळ की सरांची पेटी?

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दर वर्षी हाच वाद: शिक्षकांचा सत्कार करायचा, की त्यांच्याच कलागुणांचा कार्यक्रम ठेवायचा? आमच्या गावात दोन्ही करून झालंय, म्हणून सांगतो.

सत्कार सोपा. शाल, श्रीफळ, हार, मंडपवाला ठरलेला. दोन दिवसांत जमतं. पण बघता बघता तो पाहुण्यांचा होतो. आमचे प्रमुख पाहुणे अडीच तास उशिरा आले. तोवर गुरुजी आणि बाई उकाड्यात रांगेनं बसून. मग १७ शाली ७ मिनिटांत उरकल्या. कोण काय शिकवायचं, याचा उच्चारही नाही. त्या शाली पुढं कुणाच्या तरी वास्तुशांतीला आहेरात निघतात, ते वेगळंच.

कलागुणांना महिनाभर आधी लागावं लागतं. खरी अडचण संकोचाची. "आता या वयात कुठं," म्हणत गणिताचे सर आठ दिवस टाळत होते. शेवटी पेटी पुढं ओढली आणि काळी दोनमध्ये जनाबाईचा अभंग लावला, तर त्यांची छडी खाल्लेली मागच्या रांगेतली पोरं टाळ शोधायला उठली. एका बाईंनी फळ्यावर नुसत्या रंगीत खडूनं पैठणीचा पदर काढला, मोरासकट. शिपायानं तीन दिवस तो फळा कुणाला पुसू दिला नाही.

मात्र शिक्षकांना हा 'आणखी एक उपक्रम' वाटला की संपलं. माइक, चहा, खुर्च्या, सगळं माजी विद्यार्थ्यांनी बघायचं. नंबर काढायचे नाहीत. अहवाल तर मागूच नका, ऑनलाइन माहिती भरून ते आधीच वैतागलेत.

तारखेचंही बघा. १९६२ पासून शिक्षक दिन ५ सप्टेंबरचा. त्या दिवशी पोरंच वर्ग घेतात, शिक्षक मोकळे. सत्काराला ठीक. मैदानावरच्या कार्यक्रमाला पावसाचा भरवसा नाही. त्यापेक्षा ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती: कोरडी थंडी, शिवारात हुरडा, पुण्याला गेलेली पोरंही तेवढ्यासाठी येतात.

माझं मत कलागुणांकडं. निवृत्त होणाऱ्यांना मात्र शाल द्याच, आणि घरच्यांनाही व्यासपीठावर बोलवा. हाताशी आठच दिवस असतील तर सत्कारच करा, पण पाहुण्यांविना. एकेका शिक्षकाबद्दल त्यांच्याच एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानं दोन मिनिटं बोलायचं, आणि शालही त्यानंच घालायची.