जुन्या चर्चमधलं सभागृह: सात महिने आणि माझ्या तीन गोधड्या

या सभागृहातल्या कार्यक्रमांसाठी जूनमध्ये तीनशे रुपये महिन्याचा पास काढला. जागा कशी दिसते ते फोटोंत कळतं, म्हणून मी फक्त आवाजाबद्दल बोलतो.

आवाज घुमतो. पहिल्याच अहिराणी कथाकथनात मागच्या बाकावर एक वाक्य धड कळेना. शेजारची आजी वैतागली, “काय बोलना तो, काहीच समजनं नही!” कार्यक्रम संपल्यावर मी रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून ती किती वेळ घुमते ते मोबाइलवर मोजलं. चार सेकंद! बोलणं नीट कळायला हे सेकंदाच्या आसपास हवं. उंच छप्पर, दगडी भिंती, खाली फरशी. आवाज मुरणार कुठे?

पडदे लावा म्हणालो, तर व्यवस्थापकांकडे बजेट नाही. माईकचे वेगळे पाचशे घेतात, गाडी लावायचे वीस घेतात, कायद्याने दहाला बंद होणारा माईक पावणेदहालाच बंद करतात. तीनदा लेखी तक्रार केली. चौथ्यांदा गेलो तर तक्रारवहीच सापडेना. पास बंद करणार होतो.

श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या, गाण्यांना बायकोने ओढून नेलं. ऐन रंगात वीज गेली, माईक मेला, बायका तशाच गात राहिल्या. एकीची ओळ संपली तरी सूर वर छपराशी रेंगाळायचा आणि दुसरी तिथूनच उचलायची. ढोलकीवाल्यानेही हात आवरता घेतला. ज्या घुमण्याला मी अडीच महिने शिव्या घातल्या, त्याच्याच नादात वीज आल्यावर मी ओरडलो, “माईक लावू नका!”

भाच्याने मग सांगितलं की 1895 साली हार्वर्डमध्ये सॅबिन नावाच्या प्राध्यापकाने अशाच घुमणाऱ्या वर्गात शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या, घुमणं किती कमी होतं ते मोजलं आणि त्यातून आवाज किती वेळ घुमेल याचं सूत्र काढलं. गाद्या मला कोण देणार? घरातल्या तीन गोधड्या नेऊन मागच्या भिंतीवर टांगल्या. फरक? कान टवकारले तर. खरा फरक पडतो तो गर्दीने. माणसं आणि त्यांचे कपडेच आवाज पितात. हॉल भरलेला असेल तर भाषणाला जा, रिकामा असेल तर वीस रुपये वाचवा. बिनमाईकच्या गाण्याला मात्र कधीही जा.

जानेवारीचा पास काढलाय. पण भिंतीवर आता दोनच गोधड्या आहेत. तिसरी काल रात्री वॉचमनच्या अंगावर पाहिली. थंडी अशी आहे की मागायची लाज वाटली, आणि बायको रोज विचारतेय.